बाजूच्या जाळीतला गोल

"शशे, काय व्हायलंय? गप का बसलीस?"

अण्णा माझ्या शेजारीच स्टुलावर बसले होते, पण त्यांची मैदानाकडं पाठ होती. तोंड होतं स्टेडियमच्या भिंतीकडं. मॅचची शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली की ते असे फिरून बसत. आपली नजर लागते आणि आपला संघ हरतो, असा त्यांचा पक्का समज होता. संघ पहिल्या पंच्याहत्तर मिनिटांतही हरत असे, पण त्याचा दोष ते स्वतःकडं घेत नसत.

"बॉल मधेच हाय, अण्णा. त्यांच्या बॅकनं उडवलाय. आपला विजू घ्यायला गेलाय."

"घेतला?"

"घेतला. पडला."

"बॉल पडला का विजू?"

"दोघंबी."

अण्णांनी भिंतीकडं बघूनच मान हलवली. "बरं. पुढं सांग."

"सांगतो की. दम धरा जरा."

आमच्या कोल्हापुरात मुली स्वतःला 'मी जातो, मी सांगतो' असंच म्हणतात. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. साल एक्क्याण्णव. सातव्या वर्षापासून मी अण्णांबरोबर मॅचला येत होते. सबंध स्टेडियममध्ये बायका म्हणाल तर मी एकटीच असायची, पण वसंत बोंगाळे टेलरची पोरगी म्हणून सगळे ओळखत आणि कुणी काही बोलत नसे.

आमचा संघ म्हणजे घोडेबाव तालीम मंडळ. तालीम मुळात कुस्तीची. पैलवान कमी होत गेले आणि गल्लीतली पोरं फुटबॉल खेळायला लागली. खेळायला लागली एवढंच. स्पर्धेत आमची पहिली फेरी जी असायची, तीच शेवटची. अकरा वर्षांत आम्ही पहिली फेरी एकदाही ओलांडली नव्हती. एकदा समोरचा संघ बस बंद पडल्यामुळं पुरा आलाच नव्हता. आठ जणांनी आम्हाला दोन गोलांनी हरवलं. आम्ही घरी पोचलो की आई दारातच विचारायची, "किती?" जिंकलात का, असं तिनं कधी विचारलं नाही. थेट किती ते.

संघाच्या जर्सी अण्णा शिवत. जांभळ्या, पांढऱ्या कॉलरच्या. मॅचमध्ये कुणाची जर्सी फाटली तर लगेच टाका घालायला म्हणून त्यांना गोलामागं स्टूल टाकून बसायची परवानगी होती. सुई-दोऱ्याची पिशवी माझ्याकडं असे. बसायचं मात्र नेहमी समोरच्या संघाच्या गोलामागं. "आपली पोरं गोल मारणार तिकडंच बसायला पाहिजे," असं अण्णा म्हणत. हाफटाइमला संघांनी बाजू बदलल्या की आम्हीही स्टूल उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. त्यामुळं व्हायचं काय, की सगळा खेळ चालायचा पलीकडं, आमच्या गोलापाशी. इकडं त्यांच्या गोलकिपरला काही काम नसायचं. तो बिचारा खांबाला टेकून अण्णांशी गप्पा मारत बसायचा.

त्या दिवशीचा गोलकिपर होता मुबारक बागवान. कमानवेस तालमीचा. उंच, हसरा, आणि अण्णांचं गिऱ्हाईक. कमानवेस म्हणजे त्या वेळचा सगळ्यात तगडा संघ. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला सहा गोल घातले होते. पण त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, पंच्याहत्तर मिनिटं झाली तरी गोलफलक कोराच होता. आमची पोरं जीव खाऊन पळत होती. मुबारकनं गप्पा मारणं केव्हाच बंद केलं होतं.

"अण्णा, बंडूमामाला बॉल मिळालाय," मी म्हटलं.

बंडू सासने आमचा डाव्या बाजूचा खेळाडू. चौतीस वर्षांचा. मार्केट यार्डात गुळाच्या अड्ड्यावर कामाला होता. त्याच दिवशी सकाळी तो दुकानात उसवलेली बाही घेऊन आला होता आणि टाका घालून होईपर्यंत उभाच होता. जाताना म्हणाला, "अण्णा, ही शेवटची. पुढच्या वर्षी बूट टांगणार. गुडघा ऐकत न्हाई." अण्णांनी मान वर न करता "बघू की" एवढंच म्हटलं होतं. एकही फेरी न जिंकता हा माणूस अकरा वर्षं खेळला होता.

"मार म्हणावं," अण्णा भिंतीला म्हणाले.

"लांब हाय अजून. आला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला. कडेनं आलाय. मारला—"

मारला खरा, पण मारायला जागाच नव्हती. तो अगदी शेवटच्या रेषेजवळ, गोलाच्या बाजूला पोचला होता. मुबारक जवळच्या खांबाला चिकटून उभा. गोलासमोर दोन्ही संघांचे सात-आठ जण एकमेकांत अडकलेले. पंच इनामदार सर त्या घोळक्याच्या मागं. लाइनमन मैदानाच्या पार पलीकडच्या बाजूला. बॉल जोरात आला. पुढच्या क्षणाला तो गोलात होता, जाळीत गरगर फिरत होता, आणि सरांनी शिट्टी वाजवून मैदानाच्या मध्याकडं हात केला होता.

"शशे?"

"गोल," मी म्हटलं. "अण्णा, गोल दिला."

अण्णा उठले. स्टूल आडवं झालं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग जाळीकडं, मग परत माझ्याकडं. मग खाली बसले, मातीतच. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. आमच्या बाजूच्या प्रेक्षकांत नुसता गोंधळ चालला होता. तालमीचे अध्यक्ष रावसाहेब निगवेकर, वजन शंभर किलो, कुंपणावरून उडी मारून मैदानात आले होते. त्यांना उडी मारता येते हे त्या दिवशी कळलं. बंडूमामाला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं आणि तो वरून "सोडा रं, गुडघा, गुडघा" म्हणत होता.

मी मात्र उभी होते तिथंच उभी राहिले. कारण मी बघितलं होतं.

बॉल दोन खांबांच्या मधून गेला नव्हता. खांबाच्या बाहेरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाजूच्या जाळीला लागला होता. तिथं जाळी फाटलेली होती आणि त्या भोकातून तो आत घुसला होता. माझ्यापासून चार हातांवर. मला त्या बॉलवरची शिवण दिसली होती.

मी स्वतःला म्हटलं, आपण खोटं कुठं बोललो? गोल दिला म्हटलं. दिलाच होता.

मुबारक सरांचा हात धरून त्यांना जाळीपाशी घेऊन आला. "सर, हे भोक बघा. हितनं आलाय. बाहेरनं आत."

"जाळी जुनी हाय," रावसाहेब धापा टाकत म्हणाले. "भोक कवाचंबी असंल. भोक हाय म्हणून बॉल तिथनंच गेला काय?"

"तिथनंच गेलाय, रावसाहेब. मी खांबाला उभा होतो."

"तू गोली. तू दुसरं काय म्हणणार?"

सर वाकून जाळी बघत होते. ते शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. पन्नाशीचे, बारीक, शर्टाची अगदी वरची गुंडीही लावलेले. त्यांनी लाइनमनला बोलावलं. लाइनमन म्हणाला, "मला घोळक्यातनं काही दिसलं नाही. तुम्ही शिट्टी मारली म्हणून मी निशाण वर केलं." तोवर कमानवेसचे खेळाडू मैदानाबाहेर जाऊन बसले होते. गोल रद्द केल्याशिवाय खेळणार नाही म्हणाले. प्रेक्षकांतून चपला यायला लागल्या. एक तर सरांच्या पायाशीच पडली. त्यांनी ती उचलली आणि कडेला नीट ठेवली.

मग त्यांची नजर आमच्याकडं वळली.

"वसंतराव, तुम्ही इथंच बसलेले असता," ते अण्णांना म्हणाले. "मी तुमच्या शब्दावर जायला तयार आहे. दोन्ही तालमींना चालेल?"

"चालंल," मुबारक लगेच म्हणाला. "अण्णा खोटं बोलणार न्हाईत. माझ्या लग्नाचा शर्ट त्यांनी शिवलाय. एका बाहीत अर्ध्या सुताचा फरक राहिलाय म्हणून त्यांनीच सांगितलं मला, मला तर दिसतबी नव्हता."

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर तर उजेडच पडला. आपलाच माणूस साक्षीला. "चालंल की. विचारा वसंताला."

अण्णा मातीतून उठले, धोतर झटकलं. "सर, मी बघितलं न्हाई."

"म्हणजे?"

"माझी पाठ होती. शेवटची पंधरा मिनिटं मी बघत न्हाई. सगळ्यांना ठाऊक हाय."

 मग कमानवेसचा एक जण फिस्सकन हसला. अकरा वर्षांनी यांचा संघ जिंकायला आला आणि हा माणूस भिंत बघत होता.

"मग मॅच कळते कशी तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"शशी सांगती. तिनं बघितलंय."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या हातात सुई-दोऱ्याची पिशवी होती, ती मी पोटाशी धरली. रावसाहेब माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, अकरा वर्षं झाली. गल्ली वाट बघती हाय. तुझ्या बापाकडं बघ आणि बोल."

मी बापाकडं बघितलं. त्याआधी बंडूमामाकडं बघितलं. त्याला खांद्यावरून खाली उतरवला होता आणि तो एका पायावर भार देऊन उभा होता. त्याची नजर माझ्याकडं नव्हती. तो बुटाच्या नाडीशी काहीतरी करत होता. त्यालाही ठाऊक होतं, बॉल कुठून गेला ते. मारणाऱ्याला कळतं.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं आणि अण्णांना भिंतीकडं नेलं.

"अण्णा, काय सांगू?"

"मला काय ठाऊक? मी बघितलं न्हाई."

"तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"मला?" ते म्हणाले. "मला गोल पाहिजे. दुसरं काय पाहिजे असणार? अकरा वर्षं तेवढंच पाहिजे."

 मी ठरवलं, सांगून टाकू गोल. एवढ्या माणसांना आनंद होणार आणि एका मुबारकला वाईट वाटणार. त्यांचं काय, ते पुढच्या वर्षी परत जिंकतील.

मग अण्णा म्हणाले, "तू एवढी होतीस, तवापासनं मला मॅच सांगतीस. कितीदा म्हणालीस, अण्णा, बॉल खांबाला लागून बाहेर गेला. नशीबच न्हाई म्हणालीस."

मी खाली बघितलं. आमची पोरं बॉल मारायची तो कुठंही जायचा, खांबापासून दहा फुटांवरून. मग मी तो खांबाला लावायची. अण्णा "अरारा, थोडक्यात गेला" म्हणायचे आणि बरेच दिवस त्याच खांबाची गोष्ट दुकानात सांगायचे. मला वाटायचं त्यांना कधीच कळलं नाही.

"खांबाला लागला की आवाज येतो, शशे," अण्णा म्हणाले. "पाठ असली म्हणून काय झालं, कान हाईत की."

"मग बोलला का न्हाईत?"

"बरं वाटायचं ऐकायला." ते हसले. "घरातल्या घरात चालतंय ते. मला सांगताना पाहिजे तेवढे खांब लाव. पण आता सर विचारतात. त्यांना शिट्टी मारायची हाय. मी काय म्हणतो, मला सांगू नकोस. मी हितंच उभा राहतो. तू जा आणि त्यांना सांग."

ते खरंच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मी परत गेले. चालताना उजव्या बुटात एक खडा होता आणि तो टोचत होता, हे मला आजही आठवतं.

"सर, बॉल बाजूनं गेला," मी म्हटलं. "डाव्या खांबाच्या बाहेरनं. गुडघ्याएवढ्या उंचीवर. हे भोक हाय, त्याच्यातनं."

"नक्की?"

"नक्की."

 रावसाहेबांनी गळ्यातला टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि ती घडी जोरात जमिनीवर आपटली. आमच्या बाजूच्या प्रेक्षकांना आधी कळलंच नाही काय झालं ते. मग सरांनी गोल रद्द केल्याची खूण केली तेव्हा कळलं, आणि तिथून जो आवाज उठला तो मी आयुष्यात परत ऐकला नाही. "टेलरची पोरगी फितूर झाली" हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. मुबारक माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, "मुबारकभाई, आता नको. जावा तुम्ही."

तेवढ्यात बंडूमामा लंगडत आला. मला वाटलं हा आता बोलणार. तो माझ्या हातातल्या पिशवीकडं बोट करून म्हणाला, "शशे, बाही परत उसवली. खांद्यावर घेतलं न्हवं पोरांनी. दोन टाके घाल लवकर. अजून बारा मिनिटं हाईत."

त्याच्या अंगावरच जर्सीला मी टाके घातले. दोनदा त्याला सुई टोचली. त्यानं हूं की चूं केलं नाही.

अण्णा स्टुलावर येऊन बसले. या वेळी मैदानाकडं तोंड करून.

"अण्णा, फिरा की," मी म्हटलं. "शेवटची मिनिटं हाईत."

"राहू दे. बघू काय व्हतंय ते."

बारा मिनिटांत काही झालं नाही. म्हणजे कमानवेसनं चार वेळा चढाई केली आणि चारही वेळा आमच्या पोरांनी ती परतवली. मॅच बरोबरीत सुटली. मग टायब्रेकर, पाच-पाच किक. आमच्या चौघांनी चार गोल केले, त्यात बंडूमामाचा एक. अगदी सरळ, मधोमध, मुबारक उजवीकडं पडला आणि बॉल त्याच्या पायावरून गेला. अण्णांनी तो गोल दोन्ही डोळ्यांनी बघितला आणि माझा हात एवढा जोरात दाबला की माझ्या बांगडीचे दोन तुकडे झाले.

त्यांचे पाच गोल झाले. आमची पाचवी किक विजूनं घेतली. बॉल आडव्या खांबावरून गेला, भिंतीवरून गेला, आणि पलीकडच्या रस्त्यावर पडला. तिथल्या एका रिक्षावाल्यानं तो आणून दिला.

आम्ही हरलो.

घरी जाताना अण्णा पुढं आणि मी मागं. स्टूल त्यांच्या खांद्यावर.  गल्लीच्या तोंडाशी रावसाहेब तालमीच्या कट्ट्यावर बसले होते, भोवती वीस-पंचवीस माणसं. 

"वसंता," रावसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या जर्सी आम्ही दुसरीकडं शिवू."

अण्णांनी स्टूल खाली ठेवलं. मला वाटलं आता भांडण होणार. अण्णा म्हणाले, "शिवा की. फक्त कापड आधी भिजवून घ्या म्हणावं, जांभळं आटतं." आणि स्टूल उचलून चालायला लागले.

आई दारात उभी होती. "किती?"

"टायब्रेकरला गेली," अण्णा म्हणाले.

आईला टायब्रेकर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं, आमच्यावर तशी वेळ कधी आली नव्हती. अण्णांनी तिला सगळं सांगितलं. भोक, जाळी, सर, मी. आई ऐकत राहिली आणि शेवटी मला म्हणाली, "जेवून घे. तोंड बघ कसं झालंय."

पुढचे दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. कॉलेजला दांडी मारली. नळावर बायका बोलायच्या आणि मी खिडकीशी गेले की थांबायच्या. अण्णा दुकानात जात होते, पण गिऱ्हाईक फिरकत नसावं, कारण दुपारीच परत येऊन सोप्यात पेपर वाचत बसायचे. रात्रभर मला वाटत राही की एका वाक्यासाठी आपण बापाची गल्ली घालवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंडूमामा आला. पाठीवर मोठं गाठोडं. सोप्यात सोडलं तर आत सगळ्या संघाच्या जर्सी.

"ह्या धुऊन, बघून ठेवा अण्णा. कुणाचं काय उसवलंय ते बघा. पुढच्या वर्षाला लागतील."

"रावसाहेबांनी पाठवलं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. पोरांनी. रावसाहेबांना आम्ही सांगितलंय, जर्सी दुसरीकडं शिवणार असाल तर त्या घालायला पोरंबी दुसरीकडनं आणा." तो पायरीवर टेकला आणि गुडघा चोळायला लागला. "मीबी अजून एक वर्ष खेळणार हाय."

"का? गुडघा ऐकत न्हाई म्हणालास न्हवं?"

"न्हाई ऐकत. पण अण्णा, त्या गोलावर बूट टांगले असते तर काय झालं असतं? मी म्हातारा झालो असतो तरी कुणी ना कुणी विचारलं असतं, बंडू, तो भोकातला गोल तुझाच न्हवं? मी रात्रभर तोच विचार केला." मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "टायब्रेकरचा माझा गोल बघितलास न्हवं? तो खरा होता."

"एकदम मधनं," मी म्हटलं.

"मधनंच," तो म्हणाला आणि समाधानानं चहा प्याला.

दुपारी इनामदार सर आले. सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या, पाणी प्याले. अण्णांना वाटलं पँट शिवायला आले असतील, म्हणून ते टेप काढायला उठले.

"बसा, वसंतराव. मी एक सांगायला आलोय," सर म्हणाले. "परवा मी चुकलो. पंचानं प्रेक्षकाला विचारायचं नसतं. नियमात ते कुठंच बसत नाही. मी तसं समितीला लिहून दिलं आहे, आणि यंदाच्या उरलेल्या मॅचेस मी घेणार नाही."

"अहो सर, कशाला लिहून दिलंत?" आई आतून म्हणाली.

"चुकलो म्हणून. पण मी एकतीस वर्षं शिट्टी वाजवतोय आणि एक गोष्ट मला परवा कळली. मैदानावर आलेली माणसं आपला माणूस बघतात. बॉल कुणी बघत नाही. तुमची मुलगी बॉल बघते." ते माझ्याकडं वळले. "रविवारी सकाळी पंचांचा वर्ग असतो. सहा महिने. मग परीक्षा. येशील का?"

पुढं बावीस वर्षं मी शिट्टी वाजवली. सांगली, मिरज, गडहिंग्लज, बेळगाव, कुठं कुठं गेले. चपला खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या, दोनदा पोलिसांच्या गाडीतून घरी आले. मुबारकला एकदा मैदानाबाहेरही काढलं. त्यानं त्याच आठवड्यात माझ्या घरी ईदचा शिरखुर्मा पाठवला. रावसाहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एक दिवस नातवाच्या बारशाला अंगडं शिवायला कापड घेऊन आमच्याच दुकानात आले. घोडेबाव तालीम पहिली फेरी जिंकली ती आणखी चार वर्षांनी. तेव्हा मी मिरजेत दुसऱ्याच दोन संघांची मॅच घेत होते. हे सगळं त्या दुपारी कुणाला ठाऊक असणार? त्या दुपारी सोप्यात फक्त सर बसले होते आणि आई दाराआडून त्यांची उलटतपासणी घेत होती.

"मुली असतात का त्या वर्गात?"

"नाही. ही पहिली असेल."

"मग ती आमच्या तालमीच्या मॅचला शिट्टी मारणार?"

"तेवढं जमणार नाही, वहिनी. स्वतःच्या तालमीच्या मॅचला पंच होता येत नाही. आणि एकदा पंच झाली की गोलामागं बसून एका संघाचं होऊन ओरडायचंही नाही. ते तिला सोडावं लागेल."

 जर्सींचं गाठोडं मधोमध उघडंच पडलं होतं. अण्णांनी त्यातली एक उचलून मांडीवर घेतली आणि तिची कॉलर सरळ करत बसले.

"मग न्हाई जमणार, सर," मी म्हटलं. "मी घोडेबावचीच हाय."

"खुळी हायस काय?" अण्णा म्हणाले. जर्सी त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला शोधूनही दुःख सापडलं नाही. "रविवारी किती वाजता ते विचारून घे आणि जा. हरायला आम्ही हाय की हितं."